स्वस्तात गाडी आतून नवी: आधी हात, पाठ आणि पाय

एसटीत बसलाय, नेटवर्क येतंय-जातंय आणि भाग ऐकता येत नाहीये, अशांसाठी हे लिहून काढलंय. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त माझं "म्हणजे", "म्हणजे" कमी केलंय.

आजचा विषय छोट्या स्पोर्टी गाडीचं आतलं रूप, घरच्या घरी, कमी पैशात. स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे फेरारी येते. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या शेजारी गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची गाडी बनली होती. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. ती आता रस्त्यावर दिसली तर आधी फोटो काढा, मग पुढचं बोलू. आपल्या खिशाला परवडणारी स्पोर्टी गाडी म्हणजे सेकंडहँड हॅचबॅक. त्यातल्या दोन तर पक्क्या पुणे जिल्ह्यातल्या. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस. आणि रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ ची, १.४ लिटर, १४५ अश्वशक्ती. पळायला दोन्ही अजून भारी आहेत. पण दार उघडून आत बघितलं की वय कळतं. छत लोंबलेलं, बटणांवरचा रबरी थर सोललेला, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलेली.

गाडी घेण्यात पैसे संपले, मग विमा, मग टायर. उरले सात-आठ हजार. आणि नेमक्या अशा वेळी फोनवर रील येते: लाल-निळे दिवे, चकाचक पेडल, कार्बन फायबरचं स्टिकर. तिथे थांबा. माझं म्हणणं सरळ आहे. गाडीत तुमच्या अंगाला जे लागतं त्यावर आधी खर्च करा, म्हणजे स्टेअरिंग, सीट आणि कानावर येणारा आवाज. डोळ्याला दिसतं ते नंतर. आणि ब्रेक, एअरबॅग, वायरिंग यांच्या आड येईल अशी कुठलीच स्वस्त वस्तू गाडीत घेऊ नका.

सगळ्यात आधी ऊन समजून घ्या, कारण तुळजापुरात निम्मी कामं उन्हानेच बिघडतात. अमेरिकेत ॲरिझोनाच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हे मोजून दाखवलं. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना गाडी तासभर उन्हात उभी केली, तर डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत गेला. स्टेअरिंग ५३, सीट ५१. आपल्याकडचा मे महिना काय कमी असतो का? म्हणून चपलेला लावतात ते रबर सोल्यूशन गाडीत चालत नाही. ते ऊन लागलं की मऊ पडतं आणि चिकटवलेलं सगळं हळूहळू खाली सरकतं. दुकानात "जास्त तापमानाचा स्प्रे ग्लू" असंच मागा. डबा महाग वाटेल, पण काम एकदाच होईल.

पहिलं काम फुकटचं, साफसफाई. दोन मायक्रोफायबर कापडं, रंगाचा एक मऊ ब्रश एसीच्या जाळ्यांसाठी, आणि कोमट पाण्यात दोन थेंब शाम्पू. बस. डॅशबोर्डवर तेलकट चमक आणणारं पॉलिश मारू नका. त्या चमकेचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि दुपारी रस्ता धुरकट दिसतो. स्टेअरिंगला आणि पेडलला तर ते अजिबात नको, हातपाय घसरतात.

तुळजापूरकरांना एक वेगळं सांगतो. नवी असो की जुनी, गाडी आईच्या दारात आणून पूजा केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मग सीटवर हळद-कुंकू सांडतं. त्यावर ओलं कापड फिरवलं की संपलं, कुंकवाचा रंग कापडात उतरतो. आधी कोरड्या ब्रशने झटका, मग व्हॅक्यूम. हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घासत बसू नका. हळदीचा रंग उन्हात फिका होतो, काही दिवस त्या बाजूची काच उन्हाकडे करून गाडी लावा.

आता स्टेअरिंग. वरून ओढून घालायचं, दोनशे रुपयांचं गुळगुळीत कव्हर मला मुळीच आवडत नाही. सोलापूरकडून येताना आपला घाट चढायचा, वळणावर स्टेअरिंग फिरवायचं आणि हातात फक्त कव्हर फिरायचं, ही काय स्पोर्ट्स कार झाली? त्याऐवजी सुईदोऱ्याने शिवायचं कव्हर घ्या. तुमच्या स्टेअरिंगचा व्यास मोजूनच मागवा. सोबत मेणाचा दोरा आणि सुई येते. आधी स्टेअरिंग स्पिरिटने पुसून कोरडं करा, कव्हर थोडा वेळ उन्हात ठेवा म्हणजे चामडं ताणलं जातं, मग खालच्या बाजूने टाके सुरू करा. दोन-तीन तास जातात, बोटं दुखतात, पण एकदा बसलं की हलत नाही. मधल्या एअरबॅगच्या झाकणाला हात लावायची गरजच पडत नाही. रीलमध्ये कोणी ते झाकण उघडताना दिसलं तर ती रील तिथेच बंद करा. त्यात स्फोटक भरलेलं असतं, ते घरचं काम नाही.

सीटबद्दल लोकांना "बकेट सीट" हवी असते. स्वस्तातली बकेट सीट घेऊ नका. मूळ सीट, तिचे बोल्ट आणि पट्टा हे सगळं धडक देऊन एकत्र तपासलेलं असतं. बाहेरची सीट कशी तरी भोकं पाडून बसवली तर धडकेत ती जागेवर राहील याची हमी कोण देणार? आणि खरं तर तुमची सीट वाईट नसतेच. चढता-उतरता बाहेरच्या कडेचा फोम बसलेला असतो, म्हणून वळणावर अंग एका बाजूला जातं. कुशनवाल्याकडे सीट न्या, कव्हर उसवून त्या कडेला जास्त घनतेच्या फोमची पट्टी लावायला सांगा. हजाराच्या आसपास काम होतं आणि गाडी एकदम धरून ठेवते असं वाटतं. कव्हर घ्यायचं तर रेक्झिन नको, कापडी घ्या, उन्हात मांडी भाजत नाही. सोलापुरी चादर टाकणारे पण आहेत. दिसते छान, सूत गार राहतं, पण ती घसरते आणि गोळा होते, ड्रायव्हरच्या सीटवर नको. नव्या गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असते. ती असेल तर साधं कव्हर घालूच नका. ती एअरबॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते, वर जाड कव्हर असेल तर अडते.

एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर जुनी पोलो घेणाऱ्यांनी एक ऐका. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातली एअरबॅग नसलेली पोलो आपटून बघितली, शून्य तारे मिळाले. कंपनीने ते मॉडेल विकणं बंद केलं. एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे त्याआधीची स्वस्त पोलो घेताना एअरबॅग आहे का ते बघा. आणि असेल तर डाव्या बाजूच्या झाकणावर देवाची मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते, आणि ती मूर्ती शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. कवड्यांची माळ आरशाला लटकवण्यापेक्षा कप्प्यात जपून ठेवा. आरशापुढे हलणारी माळ नेमकी पलीकडून येणारी मोटारसायकल झाकते.

आवाजाचं काम मात्र मनापासून करण्यासारखं आहे. दार लावल्यावर "खळ्ळ" वाजतं ना, ते "धप्प" वाजायला लागतं. पातळ पत्रा ढोलासारखा थरथरतो, त्यावर ब्यूटाइल शीट चिकटवली की थरथर मरते. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. छपराला लावतात ती डांबरी पट्टी नको, उन्हात वितळते आणि गाडीत वास मारत राहते. दाराचं पॅनल काढायला प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात. पोलोत ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात, ती पानं आधी आणून ठेवा. चार-पाच जादा क्लिपाही आणा, एखादी तुटतेच. पॅनलमागे पाणी अडवायला पडदा असतो. तो नीट परत चिकटवला नाही तर पहिल्याच पावसात पायाखाली तळं होतं.

दिवे लावायचेच असतील तर यूएसबीत खोचायची पट्टी घ्या, वायर कापायची नाही. वायर सोलून टेप गुंडाळलेला जोड उन्हात सुटतो आणि गाडी आतून पेटायला तेवढं पुरतं. कायमचं काम हवं असेल तर ॲड-अ-फ्यूज लावून, लहान फ्यूज टाकून, चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या लाइनवरून घ्या. पिवळं वेष्टण असलेली वायर एअरबॅगची असते, तिला शिवू नका. काळी फिल्म विचारूच नका, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी आणली, चौकात ती फाडतात आणि पावतीही फाडतात.

ॲल्युमिनियमचे पेडल कव्हर, आता यावर मी चिडतो. वरून क्लिपने बसवलेलं कव्हर घाटउतारावर निसटून ब्रेकखाली अडकलं तर काय कराल? मॅटचंही तेच. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्यांबद्दल इशारा दिला, कारण मॅट सरकून ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहायचा. ड्रायव्हरच्या पायाखाली एकच मॅट, ती पण हुकात अडकवलेली. मॅटवर मॅट नको.

राहिलं लोंबलेलं छत. आतला फोम उष्णतेने भुगा झालेला असतो, त्यावर नुसता गोंद मारला तर आठवड्यात परत खाली. पुठ्ठ्याचा बोर्ड मागच्या दारातून बाहेर काढा, भुगा पूर्ण खरवडा, फोम लावलेलं रूफ लायनिंगचं कापड मधून कडेकडे दाबत बसवा आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. एकट्याने होत नाही, एक मित्र बोलवा आणि त्याला चहा-भजी द्या.