पाको दे लुसिया : शाळा सुटलेला गिटारवादक



मागच्या सत्रात नववीतला एक विद्यार्थी वडिलांना घेऊन माझ्या खोलीत आला. त्याला गिटार शिकायची होती आणि त्यासाठी शाळा सोडायची होती. "सर, पाको दे लुसियासुद्धा शाळेत गेला नाही," असे तो म्हणाला. वडील माझ्याकडे पाहू लागले. हे नाव मी तोवर ऐकलेलेही नव्हते! "आठ दिवस द्या," एवढेच मी म्हणालो, आणि वाचायला व ऐकायला बसलो. जे समजले ते येथे मांडत आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, तेव्हा भाषेत चूकभूल द्यावी घ्यावी.

पाकोचे खरे नाव फ्रान्सिस्को सांचेझ गोमेझ. जन्म २१ डिसेंबर १९४७, स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतातल्या अल्हेसिरास या बंदराच्या गावी. फ्रान्सिस्कोचे लाडके रूप पाको. गल्लीत पाको पुष्कळ, म्हणून आईच्या नावाने ओळखायची पद्धत होती. 'पाको दे लुसिया' म्हणजे लुसियाचा पाको. आई पोर्तुगीज होती. वडील दिवसा कापड विकत आणि रात्री गिटार वाजवून चार पैसे मिळवत.

आता त्या विद्यार्थ्याच्या मुद्द्याकडे येतो. पाकोची शाळा सुटली हे खरे आहे. पण ती त्याने सोडली नाही, साधारण अकराव्या वर्षी वडिलांनी सोडवली, कारण घरात गरिबी होती. त्यानंतर रोज दहा-बारा तास गिटार. मोठा भाऊ रामोन हाच त्याचा शिक्षक. १९५८ मध्ये गावच्या रेडिओवर तो पहिल्यांदा वाजला, आणि पुढे लहान वयातच होसे ग्रेको यांच्या नृत्यपथकाबरोबर परदेशी दौऱ्यावर निघाला. अमेरिकेत त्याला साबिकास हे ज्येष्ठ वादक भेटले. दुसऱ्यांचेच वाजवत बसू नकोस, स्वतःचे रच, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्याने तो मनावर घेतला.

फ्लामेन्को म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अंदालुसियातील हे गाणे, नाच आणि गिटार यांचे एकत्र शास्त्र आहे. तेथील जिप्सी लोकांचा त्यात मोठा वाटा असून त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आपल्या भारतातूनच तिकडे गेले. (पाको स्वतः जिप्सी नव्हता.) त्यातला 'सोलेआ' हा प्रकार बारा मात्रांचा असतो. आपल्या एकतालातही बारा मात्रा आहेत, पण तेथे दोन-दोन मात्रांचे सहा विभाग पडतात. सोलेआत जोर येतो तो ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर. म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन. टाळी देऊन पाहा, पहिल्या खेपेला हात चुकतोच. माझा तर चौथ्या खेपेलाही चुकला.

त्यांची गिटारही वेगळी असते. ती परंपरेने सायप्रसच्या हलक्या लाकडाची, तारा लाकडाजवळ बसवलेल्या, त्यामुळे आवाज करकरीत निघतो आणि लवकर विरतो. शास्त्रीय गिटारचा स्वर गोल व लांबणारा. फ्लामेन्कोवाला मध्येच बोटाने पाटीवर ठोकाही देतो, म्हणून तेथे एक पातळ पत्रा चिकटवलेला असतो.

१९७३ च्या 'एन्त्रे दोस आग्वास' या रचनेने पाकोचे नाव घरोघरी गेले. कामारोन दे ला इस्ला या गायकाबरोबरच्या त्याच्या ध्वनिमुद्रिका जाणकार फार मानतात. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो अल दि मेओला आणि जॉन मॅकलॉक्लिन यांच्यासह वाजवायला बसला. हेच मॅकलॉक्लिन झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती'त वाजवत. पेरू देशातली 'काहोन' ही लाकडी पेटी त्याने फ्लामेन्कोत आणली, आणि आज तिच्यावाचून मैफल क्वचितच होते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती १९९१ ची गोष्ट. होआकिन रोद्रिगो यांची 'कोन्सिएर्तो दे अरांहुएझ' ही गिटार आणि वाद्यवृंदाची रचना आहे. रोद्रिगो तिसऱ्या वर्षापासून अंध. ही रचना त्यांनी १९३९ मध्ये पॅरिसमध्ये पूर्ण केली. शास्त्रीय गिटारवादकांचे हे जणू देवघरच. पाकोने ती वाजवायला घेतली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, जगभर कीर्ती होती, आणि स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती! जे होते ते सारे कानाने आणि बोटांनी. आपल्या ग्वाल्हेरच्या जुन्या बुवांनीही कागद कुठे पाहिला होता, असे कोणी म्हणेल. पण ते घरचे गाणे गात होते. परक्या घरचे गाणे उचलायचे तर लिपी लागते. भातखंडेबुवांची स्वरलिपी १९१८ मध्ये येथील माधव संगीत महाविद्यालयात आली, ती उगाच नव्हे.

पाको कागद घेऊन बसला. एकेक चिन्ह, नवशिक्यासारखे. वृंदाबरोबर वाजवताना मोजून थांबायचे, मोजून शिरायचे, हेही नवीन. कार्यक्रमाला रोद्रिगो स्वतः हजर होते. काही शास्त्रीय वादकांना त्याचा स्वर खरखरीत वाटला. लय मात्र अशी की रचना जणू नव्याने उभी राहिली, आणि माझे मत तिकडेच झुकते.

२००४ मध्ये त्याला स्पेनचा 'प्रिन्स ऑफ अस्तुरियास' पुरस्कार मिळाला आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या बर्कली संगीत महाविद्यालयाने मानद डॉक्टरेट दिली. २५ फेब्रुवारी २०१४ रोजी मेक्सिकोत हृदयविकाराने तो गेला, वय ६६.

नववीच्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. तो अजून पूर्ण पटलेला नाही, पण शाळेत येतो आहे. पुढच्या शनिवारी चौथ्या तासाला संगीत-कक्षात या रचनेचा दुसरा भाग ऐकवणार आहोत. पेटी-तबल्याच्या वर्गाने आधी बारा मात्रांची टाळी बसवून यावी. पालकांनाही यायचे असल्यास कार्यालयात नाव द्यावे, खुर्च्या मोजक्याच आहेत.