चालक क्लच (सीव्हीटी)

चालक क्लच हा बेल्टवर चालणाऱ्या सतत परिवर्ती पारेषणाचा, म्हणजेच सीव्हीटीचा, इंजिनाकडील भाग होय. तो क्रँकशाफ्टवर बसवलेला असतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांनुसार बेल्टची त्रिज्या आपोआप कमी-जास्त करतो. स्नोमोबाइल, लहान ऑफ-रोड वाहने आणि गिअररहित स्कूटर या सर्वांत तो थोड्याफार फरकाने आढळतो. स्कूटरमध्ये या भागाला व्हेरिएटर म्हणतात. सुट्या भागांची उपलब्धता, किंमत किंवा कामगिरी या कारणांसाठी एका उत्पादकाच्या वाहनावर दुसऱ्या उत्पादकाचा चालक क्लच बसवला जातो. मात्र हा भाग इंजिनाची गती ठरावीक मर्यादेत राखणारा नियामकही आहे. त्यामुळे तो शाफ्टवर बसला एवढ्याने त्या वाहनास योग्य ठरत नाही.

रचना व कार्य

सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि त्यांना जोडणारा इंग्रजी व्ही आकाराच्या छेदाचा रबरी बेल्ट असतो. इंजिनाकडील पुलीला चालक आणि चाकाकडील पुलीला चालित म्हणतात. प्रत्येक पुली दोन शंकाकृती तबकड्यांची बनलेली असते. त्यांतील एक तबकडी स्थिर असते आणि दुसरी शाफ्टच्या दिशेने मागे-पुढे सरकते. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट बाहेरच्या बाजूस ढकलला जातो व त्याची त्रिज्या वाढते. दूर गेल्या की बेल्ट आत उतरतो.

चालक पुलीतील सरकत्या तबकडीमागे वजने असतात. स्कूटरमध्ये ती सहसा सहा गोल रोलरच्या रूपात असतात, तर बहुतेक स्नोमोबाइलमध्ये खिळीभोवती फिरणाऱ्या वक्र भुजांच्या रूपात. इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे ही वजने बाहेर सरकतात आणि तबकडीला बेल्टच्या दिशेने दाबतात. चालित पुलीतील स्प्रिंग व तिरकस खाच या दाबाला विरोध करतात. चढावर चाकांवरील भार वाढला की हीच खाच चालित तबकड्या आवळते आणि बेल्ट चालक पुलीत पुन्हा खाली ओढला जातो. अशा रीतीने चालकाने काहीही न करता खालचा गिअर पडल्यासारखा परिणाम होतो.

केंद्रोत्सारी प्रेरणा वजनाच्या सम प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून इतर बाबी कायम ठेवून वजने १० टक्क्यांनी हलकी केली, तर तेवढाच दाब निर्माण होण्यासाठी इंजिनाला सुमारे ५ टक्के अधिक वेगाने फिरावे लागते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर होणारा बदल मग सुमारे ६,३०० फेऱ्यांवर होऊ लागतो. हलकी वजने वाहनाला चपळ करतात, पण इंजिन अधिक वेगाने फिरल्याने इंधनाचा वापर वाढतो. जड वजनांनी इंजिन शांत चालते, पण चढावर ते दमते.

स्नोमोबाइल व स्कूटर यांतील फरक

स्कूटरमध्ये बेल्ट चालक पुलीत कायम पकडलेला असतो. इंजिन आणि चाक यांची जोडणी व सोडणी चालित पुलीशेजारच्या केंद्रोत्सारी क्लचमार्फत होते. स्नोमोबाइलमध्ये असा वेगळा क्लच नसतो. इंजिन मंद फिरत असताना चालक पुलीतील स्प्रिंग तबकड्या दूर ठेवते आणि बेल्ट सैल राहतो. वेग वाढल्यावर तबकड्या बेल्टला पकडतात. म्हणजे पुलीच क्लचचे काम करते आणि ‘चालक क्लच’ हे नाव तिला पूर्ण अर्थाने लागू पडते. अनेक स्नोमोबाइलमध्ये ही पकड मिनिटाला सुमारे ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान सुरू होते, आणि कित्येक टू-स्ट्रोक इंजिनांची कमाल शक्ती ८,००० फेऱ्यांच्या आसपास मिळते.

इतिहास

अमेरिकेतील सॉल्सबरी कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मोटर ग्लाइड स्कूटरमध्ये स्वयंचलित बेल्ट पारेषण वापरले. नेदरलँड्समध्ये हब व्हान डोर्ने यांच्या डाफ कंपनीने १९५८ साली सादर केलेल्या डाफ ६०० या मोटारीत व्हेरिओमॅटिक नावाने हेच तत्त्व आणले. १९५९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांची स्की-डू बाजारात आली. त्यानंतर लहान स्नोमोबाइलचा प्रसार झाला आणि बेल्ट सीव्हीटी हे या वाहनांचे रूढ पारेषण बनले.

भारतात हे तंत्र सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय मुख्यतः कायनेटिक होंडा या स्कूटरला जाते. पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाचा कायनेटिक उद्योगसमूह आणि जपानची होंडा कंपनी यांच्या भागीदारीतून १९८० च्या दशकाच्या मध्यास ती बाजारात आली. ९८ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाच्या या स्कूटरचे उत्पादन मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे होत असे. होंडा १९९८ मध्ये या भागीदारीतून बाहेर पडली. २००१ मध्ये आलेल्या होंडा अ‍ॅक्टिव्हाने गिअररहित स्कूटर देशभर रूढ केली. त्यामुळे व्हेरिएटर, रोलर व बेल्ट हे शब्द तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्येही परिचित झाले.

दुसऱ्या उत्पादकाचा क्लच बसवणे

उत्तर अमेरिकेत पोलारिस कंपनीचा चालक क्लच आर्क्टिक कॅट किंवा यामाहाच्या स्नोमोबाइलवर बसवण्याची प्रथा जुनी आहे. त्याची रचना सोपी असून वजने व स्प्रिंग अनेक प्रकारांत मिळतात. अशी अदलाबदल करताना पुढील बाबी जुळणे आवश्यक असते.

शाफ्ट व बोअर: बहुतेक स्नोमोबाइलच्या क्रँकशाफ्टचे टोक निमुळते असते आणि क्लचचे बोअर त्याच उताराचे असते. येथे शक्तीचे वहन पृष्ठभागांच्या घर्षणाने होते. बोल्ट केवळ क्लच दाबून धरतो. उतारात अल्पसा फरक असला तरी संपर्क एका अरुंद कड्यापुरता राहतो. मग क्लच सूक्ष्म हालचाल करतो, पृष्ठभाग खरवडले जातात आणि पुढे क्लच शाफ्टला चिकटतो किंवा शाफ्ट तुटतो. स्कूटरमध्ये सरळ शाफ्टवर दाते असतात. तेथे दात्यांची संख्या, व्यास आणि बुशची लांबी पाहावी लागते. काही स्कूटरमध्ये किक स्टार्टरची दातेरी चकती थेट पुलीच्या स्थिर तबकडीत अडकते, त्यामुळे परकी तबकडी बसली तरी किक चालत नाही.

बेल्ट व तबकडीचा कोन: बेल्टच्या बाजूंचा कोन व तबकड्यांचा कोन सारखा नसेल, तर बेल्ट केवळ वरच्या किंवा खालच्या कडेवर टेकतो, घसरतो, तापतो व लवकर तुटतो. दोन पुलींचे कोन वेगळे असतील, तर एकच बेल्ट दोहोंत नीट बसू शकत नाही. कोनामुळे पारेषणाचे गणितही बदलते. दोन्ही बाजू मिळून २८ अंशांच्या खाचेत तबकडी १० मिलिमीटर सरकल्यास बेल्टची त्रिज्या सुमारे २० मिलिमीटरने वाढते. २६ अंशांच्या खाचेत तीच वाढ सुमारे २१.७ मिलिमीटर होते.

अंतर व समरेखन: दोन शाफ्टमधील अंतर आणि बेल्टची लांबी परस्परांशी बांधलेली असतात. याशिवाय दोन्ही पुलींच्या खाचा एका रेषेत याव्या लागतात. तबकडी सरकताना बेल्टची मध्यरेषा तिच्या निम्म्या अंतराने बाजूला जाते. यासाठी चालक व चालित पुलींच्या सरकत्या तबकड्या विरुद्ध बाजूंना ठेवलेल्या असतात, म्हणजे बेल्टची दोन्ही टोके एकाच दिशेने सरकतात. नव्या क्लचची जाडी वेगळी असल्यास वॉशर घालून किंवा चालित पुली हलवून हा फरक भरून काढतात.

वजने व स्प्रिंग: वरील सर्व मापे जुळल्यावरही क्लच मूळ इंजिनाच्या स्वभावानुसार काम करतो. पकड कोणत्या वेगाला सुरू व्हावी हे स्प्रिंगचा आरंभीचा ताण व वजने ठरवतात. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कमाल शक्तीच्या वेगाशी स्थिर राहावे, हे वजने, त्यांचा वक्र आणि चालित पुलीची स्प्रिंग मिळून ठरवतात. म्हणून परका क्लच बसवल्यानंतर एका वेळी एकच घटक बदलून चाचणी घेतली जाते. बेल्ट कुठवर चढतो हे पाहण्यासाठी तबकडीवर शाईची उभी रेघ ओढतात. वाहन चालवून आणल्यावर रेघ जेथपर्यंत पुसलेली असते, तेथपर्यंत बेल्ट पोहोचला असे समजते.

भारतातील उदाहरण: बाहा स्पर्धा

स्नोमोबाइल भारतात गुलमर्गसारख्या मोजक्या हिमप्रदेशांतच दिसते. परंतु तिच्या घराण्यातील क्लच महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळांत पोहोचले ते बाहा एसएईइंडिया या स्पर्धेमुळे. २००७ पासून होणाऱ्या या स्पर्धेत विद्यार्थी एकआसनी ऑफ-रोड वाहन तयार करतात. तिचे प्रमुख केंद्र पीथमपूर येथील वाहन-चाचणी मार्ग हे राहिले आहे. पुण्याच्या सीओईपीसह राज्यातील अनेक महाविद्यालयांचे संघ तिच्यात उतरतात.

स्पर्धेत अनेक वर्षे सर्व संघांसाठी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे ३०५ सीसी, १० अश्वशक्तीचे इंजिन ठरलेले होते. त्याचा वेग गव्हर्नरद्वारे मिनिटाला सुमारे ३,८०० फेऱ्यांपर्यंत मर्यादित ठेवला जाई. पारेषणासाठी पोलारिस किंवा कॅनडातील सीव्हीटेक यांसारख्या कंपन्यांचे सीव्हीटी संच वापरले गेले. या जोडणीत अदलाबदलीचे सगळे प्रश्न एकत्र येतात. इंजिनाचा शाफ्ट सरळ, २५.४ मिलिमीटर व्यासाचा आणि चावीच्या खाचेचा असतो. निमुळत्या बोअरचा क्लच त्यावर मधल्या अडॅप्टरशिवाय बसत नाही. वेगाचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ८,००० फेऱ्यांवर काम करणारी वजने ३,६०० फेऱ्यांवर जवळपास एक-पंचमांश प्रेरणाच निर्माण करतात. वेगवान स्नोमोबाइलसाठी जुळवलेला क्लच या इंजिनावर तसाच लावला, तर इंजिन कमाल वेगाला पोहोचले तरी बेल्टची पकड जेमतेम सुरू होईल. त्यामुळे कमी वेगाच्या इंजिनांसाठी बनवलेले संच निवडून, जड वजने व मऊ स्प्रिंग घालून ते जुळवावे लागतात.

घाटरस्त्यांवरील वापर: नंदुरबार जिल्हा

चालक क्लचची जुळवणी भूभागाशीही निगडित असते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हे स्पष्ट दिसते. दक्षिणेस तापीकाठचा सखल, उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसच्या वर तापणारा प्रदेश आहे, तर उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. तळोद्याकडून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट आणि शहाद्याकडून तोरणमाळला जाणारा रस्ता हे तीव्र वळणांचे व सलग चढाचे आहेत.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण एक दशांश विरळ असते आणि इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. शक्ती घटली तरी रोलरचे वजन तेच राहते. त्यामुळे व्हेरिएटर लवकर वरच्या गुणोत्तराकडे जाऊ पाहतो आणि इंजिन आपल्या योग्य वेगाखाली दबते. दोन माणसे व सामान घेऊन चढणाऱ्या लहान स्कूटरमध्ये हा परिणाम अधिक जाणवतो. सपाटीवर कमी इंधन लागावे म्हणून जड रोलर किंवा परका व्हेरिएटर बसवलेला असल्यास बेल्ट घसरून तापतो. याउलट, फार हलके रोलर सपाटीच्या लांब प्रवासात इंजिनाला विनाकारण वेगाने फिरवत ठेवतात. मूळ उत्पादकाने निवडलेले वजन या दोन टोकांमधील तडजोड असते.

उतारावरील प्रश्न याहून गंभीर असतो. थ्रॉटल बंद असताना वेग एका मर्यादेखाली गेला की स्कूटरचा केंद्रोत्सारी क्लच सुटतो आणि इंजिनाचा अवरोध नाहीसा होतो. मग सर्व भार ब्रेकवर येतो. सलग उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात व त्यांची पकड कमी होते. पारेषणात बदल करताना वाहन उतारावर कोणत्या वेगाला मोकळे सुटते, हे तपासणे म्हणूनच चढाच्या चाचणीइतके महत्त्वाचे असते.

सुरक्षितता व कायदा

चालक क्लच इंजिनाच्या पूर्ण वेगाने फिरतो. तडा गेलेली तबकडी, असंतुलित वजने किंवा तुटलेला बेल्ट यांचे तुकडे बाहेर फेकले जाऊ शकतात, म्हणून त्यावरील आवरण काढून वाहन चालवणे धोक्याचे असते. बाहा स्पर्धेत फिरत्या भागांवर संरक्षक आवरण सक्तीचे आहे. क्लचचे संतुलन कारखान्यात केलेले असते. तो उघडताना झाकण व तबकडीवरील खुणा पाहून ठेवतात आणि जोडताना त्या पुन्हा जुळवतात. निमुळता शाफ्ट तेलविरहित व स्वच्छ असावा लागतो, बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंत आवळतात आणि क्लच काढण्यासाठी हातोड्याऐवजी पुलर वापरतात.

रस्त्यावरील वाहनांबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल करण्यास ते मनाई करते. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे ही दुरुस्ती होय. वाहनाचे मूळ गुणधर्म बदलणारा भाग बसवल्यास मात्र उत्पादकाची हमी, विमा आणि अपघातानंतरची जबाबदारी हे प्रश्न उपस्थित होऊ शकतात.