आधी कळवा, मग वळवा

मुंबईत उतरायची तयारी सुरतेच्या आकाशात सुरू होते, असं सुरतेतल्या आमच्या उधन्यात कुणाला सांगितलं तर लोक हसतात. पण हिशेब साधा आहे. दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल लागतात, असा वैमानिकांचा जुना आडाखा. ३६,००० फुटांचे झाले १०८ मैल. वेग कमी करायला आणखी दहा-बारा धरा. सुरत विमानतळापासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे १२० सागरी मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. म्हणून उत्तरेकडून खूप उंचावरून येणाऱ्या विमानांची इंजिनं दक्षिण गुजरातवर असतानाच शांत होऊ लागतात. संध्याकाळी गच्चीवर बसून मोबाइलवर विमानांच्या उंचीचे आकडे उतरताना बघायचा मला नाद आहे. घरच्यांच्या मते तो निव्वळ रिकामटेकडेपणा.

इंजिनं शांत करण्याची ही जागा कोण ठरवतं? आजच्या एअरबस किंवा बोइंगमध्ये बहुधा फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम नावाचा संगणक. विमानाचं वजन, वारा, वाटेतल्या ठरलेल्या खुणा, तिथली उंचीची आणि वेगाची बंधनं हे सगळं मांडून तो एक बिंदू काढतो. तिथून इंजिनं जवळपास मोकळी सोडली, तरी विमान कमीत कमी इंधनात धावपट्टीच्या दारापर्यंत उतरत जातं. हिशेब फार सुंदर असतो. अट एकच, पुढची वाट पूर्ण ठाऊक हवी.

घोडं इथंच पेंड खातं. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. रांगेतल्या विमानांत अंतर राखायला जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक कुणाला वळवतो, कुणाचा वेग कमी करतो, कुणाला एका उंचीवर धरून ठेवतो. त्यानं ‘अमुक दिशेला वळा’ म्हटलं की विमान आखलेल्या वाटेवरून बाहेर पडतं आणि संगणकाचा हिशेब तिथंच कोलमडतो. परत कधी वळवणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग धावपट्टी किती मैल उरली हे तो कशावरून काढणार?

यातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे जवळची वाट. ‘वळसा नको, थेट या’ अशी परवानगी मिळाली की प्रवाशाला वाटतं, बरं झालं, दहा मिनिटं वाचली. कॉकपिटमध्ये मात्र धावपळ उडते. वीस मैल कमी झाले म्हणजे त्या वीस मैलांत उतरायची सहा-सात हजार फूट उंची उरलेल्या अंतरात उतरवायची. त्यात आधुनिक विमानं इतकी गुळगुळीत की भराभर खाली येणं आणि वेग कमी करणं ही दोन्ही कामं एकदम होणं कठीण. मग पंखांवरच्या फळ्या उभ्या कराव्या लागतात. खिडकीजवळ बसणाऱ्यांना तेव्हाची ती थरथर ओळखीची असेल. याच्या उलट मध्येच एका उंचीवर थांबवलं की इंजिनं पुन्हा गुरगुरतात आणि वाचवलेलं इंधन जळायला लागतं. दोन्ही वेळा बोल मात्र वैमानिकाला.

विमानाला वाट दाखवणाऱ्या माणसांचा आणि यंत्रांचा इतिहास थोडक्यात उरकतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचं विमान मुंबईत आणलं, तेव्हा त्यांना वाट दाखवायला जमिनीवर कुणी नव्हतं. पुढं टॉवर आले, रेडिओ आला, रडार आलं. १२ नोव्हेंबर १९९६ला चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली आणि त्यानंतर आपल्याकडं टक्कर टाळणारं यंत्र, म्हणजे टीकॅस, सक्तीचं झालं.

पण यंत्र आणि माणूस वेगवेगळं बोलले तर? १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेनवर तेच घडलं. नियंत्रकानं रशियन विमानाला खाली जायला सांगितलं. त्याच विमानातला टीकॅस ‘वर चढा’ म्हणत होता. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान आपल्या टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. ७१ जण दगावले. तेव्हापासून जगभर नियम स्पष्ट आहे: अशा क्षणी यंत्राचं ऐकायचं, आणि नियंत्रकानं मध्ये पडायचं नाही.

यंत्राला जमिनीवरचे बदल उशिरा कळतात, त्याचं उदाहरण आता सुरतेचं. इथली धावपट्टी २,९०५ मीटरची. पण वेसूच्या बाजूनं येणाऱ्यांसाठी, उंच इमारतींच्या अडथळ्यामुळे, उतरण्याचा उंबरठा ६१५ मीटर आत सरकवलेला आहे. उतरायला उरतात २,२९० मीटर. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर उंबरठा ६१५ मीटर आत घेतला, तर विमानाची वाट सुमारे ३२ मीटर उंच होते. म्हणजे दहा मजले! माणसाला हा बदल धावपट्टीवरच्या रंगात दिसतो. संगणक मात्र साठवलेल्या माहितीवर चालतो. ती माहिती जगभर दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी नवी होते. मधल्या काळातले बदल ‘नोटॅम’ सूचनेतून येतात. ती वैमानिक वाचतो. संगणकापर्यंत ती आपोआप पोचत नाही.

म्हणून यंत्र आणि नियंत्रक यांच्यात मला भांडण दिसत नाही, दिसतो तो वेळेचा फरक. यंत्राला सगळं आधी हवं असतं, नियंत्रकाला ऐनवेळी ठरवावं लागतं. त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय रेडिओवरच्या एका वाक्याचा आहे. वळवतानाच ‘अजून इतके मैल’ असं सांगितलं की वैमानिक तो आकडा धरून उतार पुन्हा बसवतो. चांगले नियंत्रक हे करतातच. नवी रडारं, नवे संगणक जरूर घ्यावेत. पण हे एक वाक्य सवयीवर न सोडता नियमात बसवलं, तर इंधनही वाचेल आणि वैमानिकाची दमछाकही.