पोहता येत नाही? तरीही समुद्राखाली चला!

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी आणि संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाशाचा खेळ. मग रॉस बेट. मग बोटीने हॅवलॉक, तिथे एखादा मुक्काम, राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो आणि परत. हॅवलॉकला पोचल्यावर मात्र कॉलेजात जाणारी मुलगी हट्ट धरते, "इथवर आलोय तर स्कूबा करूयाच!" आई म्हणते, "अगं, मला साधं पोहताही येत नाही." बाबा आधी दर विचारतात, मग घड्याळाकडे बघत म्हणतात, "उद्या दुपारचं विमान आहे. सकाळी सहाला उरकून घेऊ आणि पहिल्या बोटीने निघू."

या तिघांत आईची भीती बरीचशी अनाठायी आहे. बाबांचा बेत मात्र खरोखर धोक्याचा आहे. गंमत अशी, की बहुतेक घरांत चर्चा होते ती आईच्या भीतीवर. बेताकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप

पोर्ट ब्लेअरपासून खासगी वेगवान बोटीने दीड-दोन तासांवर हे बेट आहे. सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. १८५७च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या हेन्री हॅवलॉक या सेनापतीचं नाव त्याला होतं. डिसेंबर २०१८मध्ये ते बदलून स्वराज द्वीप झालं आणि सप्टेंबर २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं नावही श्री विजयपुरम करण्यात आलं. जुनी नावं अजून सर्रास ऐकू येतात, त्यामुळे तिकीट काढताना दोन्ही ठाऊक असलेली बरी.

बेटावरची वस्ती मुख्यतः बंगाली. १९५०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवण्यात आलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी पाच गावं, नारळी-पोफळीच्या बागा, भातशेती आणि बाकी घनदाट जंगल. कोकणातल्या माणसाला पहिल्या तासाभरात घरी आल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की संध्याकाळी पाच वाजता इथे अंधारू लागतं. देशाच्या घड्याळापेक्षा सूर्य इथे बराच पुढे धावतो. म्हणून डाइव्हिंगची सारी धांदल सकाळी लवकर सुरू होते.

राधानगरचा किनारा 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम ठरवल्यापासून सगळे तिकडे धावतात. पण डाइव्हिंगची केंद्रं आहेत बेटाच्या दुसऱ्या, पूर्वेकडच्या अंगाला, गोविंदनगर-विजयनगरच्या किनाऱ्यावर. हॉटेल निवडताना हे लक्षात ठेवलं, तर पहाटेची धावपळ वाचते.

पोहणं वेगळं, बुडणं वेगळं

'ट्राय डाइव्ह' किंवा 'डिस्कव्हर स्कूबा' या नावाने जी पहिली बुडी मारतात, तिच्यासाठी पोहता येण्याची अट नसते. वय दहा वर्षं पूर्ण हवं आणि प्रकृती धड हवी. प्रशिक्षक सर्व वेळ सोबत असतो. खोली बारा मीटरच्या आतच ठेवतात, बरेचदा त्याहूनही कमी. पोहण्याची परीक्षा असते ती 'ओपन वॉटर' प्रमाणपत्रासाठी. त्या तीन-चार दिवसांच्या अभ्यासक्रमात दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं आणि मग अठरा मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाण्याची परवानगी मिळते.

सुरुवात उथळ पाण्यात होते. अंगात निओप्रीनचा घट्ट वेटसूट, कमरेला शिशाची वजनं, पाठीवर सिलिंडर. या सिलिंडरात प्राणवायू भरलेला असतो, असं दहापैकी नऊ जण समजतात. असते ती आपण रोज घेतो तीच हवा, फक्त खूप दाबून भरलेली. १९४३ साली फ्रान्सचे झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी एक झडप तयार केली. माणूस श्वास ओढेल तेव्हाच, आणि त्या खोलीवरच्या दाबाला जुळेल एवढीच हवा ती देते. आजचा सारा हौशी स्कूबा या झडपेच्या जोरावर चालतो.

पहिली दोन मिनिटं कठीण जातात, हे कबूल करायला हवं. नाक मुखवट्यात बंद, तोंडात रबराचा तुकडा आणि तोंडाने श्वास! मेंदू ओरडून सांगत असतो, की पाण्याखाली श्वास घ्यायचा नसतो. छाती धडधडते, श्वास उथळ होतो आणि हवा पुरत नाही असं वाटतं. याच क्षणी पुष्कळ जण वर येतात. चांगला प्रशिक्षक अशा वेळी घाई करत नाही. गुडघाभर, मग कमरेएवढ्या पाण्यात तो पुन्हा पुन्हा डोकं बुडवायला लावतो. श्वास हळू सोडायचा, पूर्ण सोडायचा, एवढंच सांगतो. ज्यांना प्राणायामाची सवय आहे, त्यांना हे लवकर जमतं. ज्याला उत्तम पोहता येतं, तो मात्र कधी कधी जास्त धडपडतो, कारण हात मारायची त्याची सवय सुटत नाही. खाली हात-पाय मारून काहीच साधत नाही. जो शांत राहतो त्याला हवा जास्त वेळ पुरते.

बोलायची सोय नसल्यामुळे खुणा शिकवतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, की 'सारं ठीक'. अंगठा वर केला, की 'वर चला'. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे 'झकास'. त्यामुळे मासा पाहून खूश झालेले पाहुणे प्रशिक्षकाला अंगठा दाखवतात आणि तो बिचारा त्यांना वर घेऊन निघतो!

दाबाचं गणित

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट आणि शरीरातल्या पोकळ्यांमधली हवा निम्मी. सर्वांत आधी हे कानाला कळतं. घाटात गाडी उतरताना कानाला दडे बसतात, तसंच, पण जास्त जोरात. म्हणून खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. कान 'फट्' करून मोकळे होतात. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, आधीच करायचं. मोकळे झाले नाहीत, तर थोडं वर यायचं. सर्दी असेल तर कान मोकळे होतच नाहीत. त्या दिवशी पाण्यात उतरूच नये, पैसे भरले असले तरी.

दुसरा नियम याहून मोठा. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेली छातीभर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. ती बाहेर पडायला वाट नसेल तर फुप्फुसाला इजा होते, आणि ती अगदी दोन-चार फुटांच्या फरकानेही होऊ शकते. घाबरून श्वास धरून वर झेप घेणं, ही नवख्या माणसाची सर्वांत घातक चूक. म्हणून वर येताना सावकाश, साधारण मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही, आणि श्वास चालू.

आता बाबांच्या विमानाकडे वळू. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त प्रमाणात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू, श्वासावाटे निघून जातो, पण त्याला काही तास लागतात. विमान आकाशात असताना आतला दाब साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा कमी होतो. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे यावेत, तसे शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची शक्यता तेव्हा वाढते. सांधे दुखणं, मुंग्या येणं इथपासून पक्षाघातापर्यंत त्याची मजल जाते. त्यावर उपचारासाठी खास दाबकक्ष लागतो आणि तो काही प्रत्येक गावात नसतो. एकाच बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या डाइव्हिंगनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा 'डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेचा सल्ला आहे. बरीच केंद्रं चोवीस तास सांगतात, आणि हिशेबाला तेच सोपं.

एकदा हे पटलं, की सहलीचा क्रम आपोआप उलटतो. उतरल्यावर आधी हॅवलॉक गाठावं, तिथे दोन-तीन रात्री राहावं आणि पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवावं. सेल्युलर जेल, नौदलाचं समुद्रिका संग्रहालय आणि बाजार यांत एक अख्खा दिवस सहज जातो. याचा आणखी एक फायदा आहे. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमानाच्या दिवशी हॅवलॉकवर अडकलेल्या कुटुंबाची जी तारांबळ उडते, ती टळते.

कागदावर खरं लिहा

उतरण्यापूर्वी केंद्रात प्रकृतीचा एक छापील कागद भरून घेतात. दमा, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, फिट येणं, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, चालू असलेली औषधं असे प्रश्न त्यात असतात. आपल्याकडे हा कागद भरायची एक ठरलेली पद्धत आहे: सगळीकडे 'नाही' लिहायचं! 'हो' लिहिलं तर उतरू देणार नाहीत, ही धास्ती. खरं तर 'हो' म्हणजे लगेच नकार असं नाही, डॉक्टरांचं पत्र लागतं, इतकंच. दमा असणाऱ्यांनी किंवा पन्नाशी ओलांडलेल्यांनी निघण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांना विचारून पत्र घ्यावं. बेटावर सकाळी सहा वाजता ते मिळणार कुठून? दम्यात हवा फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात अडकते आणि वर येताना ती फुगते, म्हणून तो प्रश्न असतो. कागदावरच्या इतर प्रश्नांमागेही अशीच कारणं आहेत.

गर्भवतीने डाइव्ह करूच नये. दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरीही नाही. पाळी असताना मात्र निरोगी स्त्रीने उतरायला हरकत नाही. वेटसूटमध्ये आपण कसे दिसू, या संकोचाने काही जणी किनाऱ्यावरच बसून राहतात. त्यांनी पाहावं, की त्या सूटमध्ये सगळेच सारखे दिसतात, आणि मान ते गुडघा अंग पूर्ण झाकलेलं असतं. चश्मा असणाऱ्यांनी नंबरचा मुखवटा मिळतो का, ते आधी विचारावं. भरघोस मिशा असतील तर मुखवटा नीट बसत नाही, पाणी झिरपत राहतं. ही एक तक्रार बाबांच्या वाट्याला.

केंद्र निवडताना दराआधी चार गोष्टी विचाराव्यात. एका प्रशिक्षकामागे पाहुणे किती? पहिल्या बुडीला एकास एक हे प्रमाण सर्वांत चांगलं. प्रशिक्षक कोणत्या संस्थेचा प्रमाणित आहे? बोटीवर आणीबाणीसाठी प्राणवायू आहे का? आणि उथळ पाण्यात सराव किती वेळ? "सराव कशाला, आम्ही धरून नेतो," असं उत्तर आलं, तर तिथून उठावं.

खाली काय दिसतं?

पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. आपल्याच श्वासाची घरघर आणि बुडबुड्यांची खळखळ, बाकी काही नाही. पाण्यात वस्तू असतात त्याहून जवळ आणि मोठ्या दिसतात, म्हणून वितभर मासा हातभर वाटतो. लाल रंग काही मीटरांतच नाहीसा होतो आणि सारं निळसर-हिरवं दिसू लागतं. समुद्रफुलाच्या झुलत्या बोटांत लपलेला केशरी-पांढरा क्लाउनफिश, चोचीने प्रवाळ कुरतडणारा पोपटमासा, फटीतून तोंड काढून बघणारा मोरे ईल, क्वचित एखादं कासव. पोपटमाशाचं कुरतडणं नीट कान दिला तर ऐकूही येतं. मालवणला सिंधुदुर्गाजवळ ज्यांनी बुडी मारली आहे, त्यांना इथल्या पाण्याचा नितळपणा पहिल्या नजरेत जाणवेल.

मात्र जाहिरातीतल्या चित्रांसारखे रंगीत प्रवाळ सगळीकडे मिळतील, ही अपेक्षा ठेवू नये. प्रवाळ हे जिवंत प्राणी आहेत. त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवतं आणि रंगही देतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापून तसंच राहिलं, तर ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. फार काळ तसे राहिले तर मरतात. अंदमानात १९९८ आणि २०१० साली हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ सालीही झालं, आणि २०२४मध्ये जगभर अशीच लाट आली. मधल्या काळात २००४ची त्सुनामी येऊन गेली. त्यामुळे काही जागी खाली राखाडी तुकड्यांचा खच दिसतो आणि त्यातूनच नवी, बोटभर उंचीची पालवी फुटलेली दिसते. वर्षाला काही सेंटिमीटर वाढणाऱ्या या जिवावर चुकून पाय पडला, की कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. म्हणून प्रशिक्षक पाहुण्याला तळापासून वर धरून ठेवतो आणि कशालाही हात लावू देत नाही. त्याचा राग मानू नये. शिवाय लायनफिशसारख्या देखण्या माशाचे काटे विषारी असतात.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकण्याचा मोह मुलांना आवरत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना आणि काही शंखशिंपल्यांना संरक्षण दिलेलं आहे, आणि विमानतळावर सामान तपासताना असे तुकडे काढून घेतले जातात, प्रसंगी कारवाईही होते. किनाऱ्यावरच्या मगरीच्या सूचनाफलकांकडेही दुर्लक्ष नको. २०१० साली राधानगरजवळ एका परदेशी पाहुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. फलक असलेल्या जागी, खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये.

जायला नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम, मे महिन्यातही चालतं. जूनपासून पावसाचा जोर आणि खवळलेला समुद्र यांमुळे बोटींचा भरवसा राहत नाही. नाताळच्या सुटीत गर्दी फार असते, तेव्हा डाइव्हची वेळ आणि परतीच्या बोटीचं तिकीट हॉटेलच्या आधी पक्कं करावं. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग आणि काचेच्या तळाची बोट आहे. आजी-आजोबांनाही तिथे नेता येतं. आदल्या रात्री मद्य नको, सकाळी हलकी न्याहारी पुरे. बाहेर आल्यावर मात्र कडकडून भूक लागते, आणि बंगाली खाणावळीत गरम भात आणि माशाचं कालवण तयारच असतं.