इंजिनं जगवणारी जत्रा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डॉर्सेट परगण्यात, टॅरंट हिंटन या खेड्याबाहेरच्या शेतांत, ऑगस्ट सरता सरता पाच दिवस वाफेच्या इंजिनांची जत्रा भरायची. १९६९ साली सुरू झालेली ही ‘ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर’ पुढे शेकडो एकरांवर पसरली. एके काळी भंगारात निघालेली इंजिनं बघायला तिथे लाखांवर माणसं लोटू लागली. इंजिन म्हटलं की आपल्यापुढे आगगाडी उभी राहते. इथली बहुतेक इंजिनं मात्र जन्मात कधी रुळांवर चढली नव्हती. शेत नांगरणारी, मळणीयंत्र फिरवणारी, ओंडके चिरणारी, रस्ता दाबणारी, जत्रेतले पाळणे गावोगाव ओढून नेणारी अशी ही सडकेवरची आणि शिवारातली इंजिनं. असल्या जत्रांना कुणी हौशी म्हाताऱ्यांचा खेळ म्हणतं, कुणी धुराचं कौतुक म्हणतं. मला मात्र वाटतं की जुनी यंत्रं जतन करण्याची यापेक्षा खरी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. काचेआड ठेवलेल्या यंत्राचं लोखंड शाबूत राहतं, पण ते चालवायचं कसं हे माहीत असलेली माणसं एकेक करून निघून जातात. जत्रा त्या माणसांना वारस मिळवून देते.

ही इंजिनं वाचली कशी, हेच आधी पाहण्याजोगं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या शेतांवर वाफेची इंजिनं आली होती. पण ती खळ्यापर्यंत न्यायला घोडे जुंपावे लागत. वाफेचं बळ असलेलं यंत्र घोड्यांनी ओढावं, हा विनोद रॉचेस्टरच्या टॉमस अव्हेलिंगला सहन झाला नाही. १८५९ साली त्यानं अशा इंजिनाच्या चाकांना साखळीनं गती दिली आणि ते स्वतःच्या पायांनी चालू लागलं. समाजानं त्याचं स्वागत केलं ते १८६५च्या कायद्यानं: गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, आणि पुढे लाल निशाण घेतलेला माणूस. तरीही पाऊणएक शतक ही इंजिनं राबली. मग पेट्रोल आणि डिझेल आलं, कर वाढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती वजनावर विकली जाऊ लागली. त्या वेळी सरकार किंवा मोठी संग्रहालयं त्यांच्यासाठी फारशी धावली नाहीत. धावले ते शेतकरी, मेकॅनिक, गॅरेजवाले. १९५० साली अॅपलफर्ड गावच्या आर्थर नॅपर या शेतकऱ्यानं एका मित्राशी बिअरच्या पिंपाची पैज लावून आपापल्या इंजिनांची शर्यत लावली, आणि तिथून ब्रिटनमधल्या या मेळाव्यांची परंपरा सुरू झाली असं मानतात. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवातल्या माउंट प्लेझंटला जुन्या मळणीवाल्यांचा मेळावा सुरू झाला. म्हणजे इंजिन वाचवणारी माणसं पहिल्या दिवसापासून इंजिन चालवणारीच होती. चालवायला मिळणार नसतं, तर त्यांनी ते विकत घेतलंच नसतं.

चालवणं म्हणजे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय या म्हणण्याचं वजन कळत नाही. सकाळी भट्टी पेटवली की वाफ धरायला काही तास जातात. भट्टीतला जाळ लांबलचक नळ्यांतून पुढे जातो, नळ्यांभोवतीचं पाणी उकळतं, वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि काम झालेली वाफ धुराड्यात सोडली जाते. ती जोरानं वर जाताना भट्टीतली हवा ओढून घेते, म्हणून इंजिन जितकं जास्त राबेल तितका जाळ आपोआप फुलतो. तो ओळखीचा फक-फक आवाज याच श्वासाचा. आता चालकाच्या नजरेसमोरची काचेची उभी नळी पाहा. तिच्यात दिसते ती बॉयलरमधल्या पाण्याची पातळी. भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा सतत पाण्याखाली असायला हवा. उघडा पडला तर तो लाल होऊन मऊ पडतो आणि वाफेच्या दाबानं फाटू शकतो. शेवटचा पहारा म्हणून त्या पत्र्यात शिसं भरलेली एक गुडदी असते: पाणी घटलं की शिसं वितळतं आणि वाफ खालच्या जाळावर येऊन धोक्याची वर्दी देते. हे सगळं पुस्तकात असतं. पण इंजिन उताराला लागलं की बॉयलरमधलं पाणी पुढे सरकतं आणि मागे भट्टीचा माथा उघडा पडू शकतो, तेव्हा हा उतार उतरायच्या आधी पाणी किती चढवून घ्यायचं, जाळ किती बसू द्यायचा, हे त्या रस्त्यावर, त्या इंजिनावर, जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

डॉर्सेटची जत्रा मोठी ठरली ती यामुळेच. तिथे इंजिनं नुसती रांगेनं उभी करत नसत, त्यांना काम दिलं जाई. लीड्सच्या जॉन फाउलरनं नांगरणीसाठी जी पद्धत रुळवली ती तिथे डोळ्यांदेखत पाहायला मिळे. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं, दोघांच्या पोटाखाली तारदोराचा मोठा रहाट, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी फाळ असलेला डोलता नांगर. एक इंजिन नांगर आपल्याकडे ओढतं, मग पाय उचलून थोडं पुढे सरकतं, आणि समोरचं तो परत ओढून नेतं. जड इंजिनानं शेतात उतरून माती दाबायची नाही, हा त्यातला विचार आजच्या ट्रॅक्टरवाल्यांनीही ऐकण्यासारखा आहे. दोन चालकांमध्ये अख्खं शेत पसरलेलं, त्यामुळे बोलणं शिट्टीनं. दुसरीकडे वाफेचे रोडरोलर खडी दाबून खराखुरा रस्ता करत, मळणीयंत्राचा लांब पट्टा फिरत असे, तर उंचवट्याच्या मैदानात दोन-तीन इंजिनं एकामागे एक जोडून अवजड ओझी चढावर नेली जात. रात्री खेळवाल्यांच्या इंजिनांची पाळी. पितळी पिळाचे खांब, पुढे बसवलेला डायनामो, छताला दिव्यांच्या माळा. दिवसा पाळणे ओढायचे आणि रात्री त्यांनाच वीज पुरवायची, ही त्यांची दुहेरी नोकरी. यातलं सर्वांत शेवटचं, फाउलरनं १९३४ साली बांधलेलं ‘सुप्रीम’, आजही शिल्लक आहे.

आता आक्षेपांकडे. संग्रहालयवाल्यांचा आक्षेप सर्वांत नेमका आहे. यंत्र चालवलं की झिजतं, झिजलं की भाग बदलावे लागतात. नव्या नळ्या, नवी भट्टी, कधी अख्खा नवा बॉयलर. असं करत करत शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनातलं मूळचं काय उरलं? हे खरं आहे, आणि जे यंत्र आपल्या जातीतलं एकुलतं एक उरलंय ते न चालवता जपावं हेही मान्य. पण एका गोष्टीचा विसर पडतो. ही इंजिनं त्यांच्या उमेदीतही अशीच दुरुस्त होत होती. नळ्या बदलणं हा त्यांच्या आयुष्याचाच भाग होता. मूळ पत्रा जपायचा की तो पत्रा वाकवून रिवेट मारण्याची कला जपायची, असा प्रश्न असेल तर मी कलेच्या बाजूनं आहे. पत्र्याचं मोजमाप कागदावर ठेवता येतं. रिवेट तापून कोणत्या रंगाला आला की ठोकायचा, हे कागद फारसं सांगत नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप याहून गंभीर. २००१ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेडिना इथल्या जत्रेच्या मैदानात एका जुन्या केस कंपनीच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि पाच जणांचा जीव गेला. भट्टीच्या माथ्यावरचं पाणी घटलं होतं, पत्रा गंजून पातळ झाला होता आणि सावध करणारी गुडदीही कामाची राहिली नव्हती. पण यातून काय शिकायचं? त्या राज्यात तेव्हा असल्या ऐतिहासिक बॉयलरांची सक्तीची तपासणीच नव्हती. ती नंतर आली. ब्रिटनमध्ये तपासनिसाच्या दाखल्याशिवाय इंजिन मैदानात आणता येत नाही. जत्रा तो दाखला मागते, आणि म्हणूनच मालक बॉयलर उघडून बघतो. कुठे न्यायचंच नसेल, तर कोपऱ्यात गंजणाऱ्या बॉयलरकडे बघणार कोण?

धुराचं म्हणाल, तर वर्षातले काही दिवस पेटणाऱ्या इंजिनांनी जगाचं हवामान बिघडत नाही. मात्र कोळशाची अडचण वेगळ्या वाटेनं येते. ब्रिटनमधलं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ, सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. खाणी त्याआधीच मिटत आल्या होत्या. इंजिनवाल्यांना आता परदेशी कोळसा किंवा कारखान्यात घडवलेलं इंधन वापरावं लागतं, आणि प्रत्येक इंधनाला जाळ वेगळा राखावा लागतो. जुन्या कष्टांवर जत्रा गोड मुलामा चढवते, हा आरोपही ऐकू येतो. शोभेच्या पितळेपुरता तो खरा आहे. मळणीयंत्राजवळ जरा वेळ थांबून नाकातोंडात भुसा गेलेल्या माणसाला मात्र तो पटणार नाही.

माझ्या म्हणण्यातली खरी फट पैशात आहे. डॉर्सेटची जत्रा २०२२ नंतर पुन्हा भरली नाही; वाढता खर्च हे कारण आयोजकांनी दिलं. विद्या टिकवणारी जत्राच टिकत नसेल, तर हा मार्ग पक्का कसा? याचं उत्तर असं की इंग्लंडात लहान गावांचे मेळावे आजही भरतात, आणि डॉर्सेटची इंजिनं तिथे जातात. लाखोंची एकच यात्रा असण्यापेक्षा शंभर गावांच्या जत्रा असणं या कामाला जास्त मानवतं.

आपल्याकडे याची उदाहरणं दोन्ही टोकांची आहेत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं आज शिल्लक नाहीत. उलट हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं पेटती ठेवलेली आहेत, आणि निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्यात एकविसाव्या शतकात नवी वाफेची इंजिनं बांधली गेली. लागणारी विद्या महाराष्ट्रातही अगदी मेलेली नाही. साखर कारखान्यांत दर हंगामाला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, परवानाधारक बॉयलर अटेंडंट असतात, पाण्याच्या काचेवर नजर ठेवणं हे तिथे रोजचं काम आहे. आणि अव्हेलिंग, फाउलर, मार्शल यांचे वाफेचे रोडरोलर आपल्याकडेही आले होते. त्यातले काही आज सरकारी कचेऱ्यांच्या आवारात चुन्या-रंगाचे हात खात उभे आहेत. अव्हेलिंगचा असेल तर पुढच्या बाजूला मागच्या पायांवर उभ्या घोड्याचं चिन्ह सापडेल. तुमच्या गावात असा रोलर असेल, तर पुढचा रंगाचा हात देण्याआधी तो चालवलेला माणूस किंवा त्याचा मदतनीस हयात आहे का, याची चौकशी करा, जवळच्या कारखान्यातल्या बॉयलर अटेंडंटला सोबत न्या आणि त्या म्हाताऱ्याला इंजिनापाशी उभं करून तो काय काय सांगतो ते मोबाइलवर टिपून घ्या. हे काम या वर्षीच करण्याजोगं आहे.