रिकामा ठेवायचा चौकोन

चतुर्थीच्या आधी मालवणात घरोघरी फोनवर एकच प्रश्न ऐकू येतो. "काकानू, तिकीट गावलां?" आणि पलीकडून परळचे नाहीतर डोंबिवलीचे काका सांगतात, "नाय रे बाबा! नावां भरीपर्यंत वेटिंग लागलां."

मालवणला रेल्वे स्टेशन नाही. आपले चाकरमानी कुडाळला, सिंधुदुर्गनगरीला किंवा कणकवलीला उतरतात आणि पुढे एसटी पकडतात. पण उतरण्यासाठी आधी गाडीत जागा मिळायला हवी ना! आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, आणि गणपतीच्या दिवसांत बघता बघता संपतं.

एवढी तिकिटं घेतं तरी कोण? बरीचशी घेतात आपल्यासारखीच माणसं. गर्दीच तेवढी असते. २२ मे २०२५ ला सकाळी दहा वाजता देशभरात एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं काढली गेली, तोवरचा तो विक्रम होता. पण या गर्दीत काहीजण माणसं नसतातच! जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितलं, की ऐनवेळच्या प्रवासाचं 'तत्काळ' आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉग-इनचे जे प्रयत्न होतात, त्यांतले निम्म्यापर्यंत बॉटचे असतात. अडीच कोटींहून जास्त संशयास्पद खाती रेल्वेने बंद केली. अडीच कोटी!

बॉट म्हणजे हातपाय असलेला यंत्रमानव नव्हे. तो असतो एक छोटासा प्रोग्रॅम. आपल्याला फॉर्म उघडल्यावर चौकोन दिसतात, रंग दिसतात, खाली 'पाठवा' असं बटण दिसतं. साध्या बॉटला यातलं काहीच दिसत नाही. तो वाचतो पानामागचा मजकूर: इथे 'नाव' हा रकाना, इथे 'वय', इथे 'फोन', आणि भरलेली माहिती अमुक पत्त्यावर धाडायची. काका चष्मा शोधून 'गणपत' मधला 'ग' शोधेपर्यंत बॉटने आधीच तयार ठेवलेली सगळी नावं, वयं, खालचा बर्थ की वरचा, सगळं सर्व्हरकडे, म्हणजे फॉर्म स्वीकारणाऱ्या संगणकाकडे, पाठवलेलंसुद्धा असतं. तो फसवून पुढे जातो, आणि काकांची जागा जाते. मला याचा खरंच राग येतो.

मग सर्व्हरने ओळखायचं कसं, समोर काका आहेत की बॉट?

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्यावर काम केलं. माणसाला सहज जमेल पण यंत्राला जमणार नाही, अशी परीक्षा घ्यायची. वेडीवाकडी, ताणलेली, रेघांनी खोडलेली अक्षरं दाखवायची आणि विचारायचं, काय लिहिलंय? २००३ मध्ये त्यांनी या परीक्षेबद्दल जो शोधनिबंध लिहिला, त्यात तिचं नाव होतं कॅप्चा. तिकीट काढताना तुमच्या घरच्यांनीही ती नक्की दिली असेल.

पुढे फॉन आन यांनी एक हिशेब मांडला आणि त्यांनाच वाईट वाटलं. जगभरातली माणसं तेव्हा रोज सुमारे २० कोटी कॅप्चा सोडवत होती. एकाला धरा दहा सेकंद. करा गुणाकार! २०० कोटी सेकंद, म्हणजे साडेपाच लाख तासांहून जास्त. एका दिवसात! मग २००७ मध्ये त्यांनी कॅप्चाला कामाला लावलं. जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्कॅन करताना जे शब्द संगणकाला वाचता येत नव्हते, तेच कॅप्चात टाकले. दोन शब्द दाखवायचे, एक संगणकाला माहीत असलेला, दुसरा न वाचता आलेला. पहिला बरोबर लिहिलात तर तुम्ही माणूस, म्हणून तुमच्या दुसऱ्या शब्दावरही भरवसा. बऱ्याच जणांनी तोच शब्द लिहिला की तो पक्का. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक असेच कोट्यवधी अनोळखी माणसांनी मिळून वाचून दिले. आहे की नाही भन्नाट?

पण यंत्रंही शिकत होती. वाकडी अक्षरं ती आपल्याहून चांगली वाचू लागली. मग आली चित्रं. 'फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा.' आता सांगा, देवबागच्या किंवा आचऱ्याच्या रस्त्यावर फायर हायड्रंट बघितलाय कुणी? अमेरिकेत फुटपाथवर आगीच्या बंबासाठी पाण्याचा एक बुटका नळ असतो, तो हा. ही परीक्षा माणूस ओळखायची, की अमेरिकेचे रस्ते ओळखायची? आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी आवाजाची कोडी असतात, पण तीही खरखरीत, कळायला कठीण. बॉटला अडवता अडवता माणसालाच अडवलं, तर ती परीक्षा चुकलीच म्हणायची.

म्हणून मला सगळ्यात आवडते ती युक्ती, जी माणसाला दिसतच नाही.

तारकर्लीत कुणी घरगुती राहण्याची सोय केली, की पर्यटकांसाठी संकेतस्थळ लागतं. ते बहुतेकदा वर्डप्रेस किंवा ड्रुपलसारख्या तयार व्यवस्थेवर उभं करतात. जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चार तरी वर्डप्रेसवर चालतात. साहजिकच बॉटचंही फावतं. एका ठिकाणचा फॉर्म भरायला शिकला, की तसाच फॉर्म लाखो ठिकाणी भरता येतो. मालकांना हवी असते चौकशी: किती माणसं, कुठल्या तारखा, मासे चालतील की शाकाहारी. मिळतात मात्र भलत्याच जाहिरातींचे ढीग, आणि त्यांत एखाद्या खऱ्या कुटुंबाची चौकशी बुडून जाते.

तर युक्ती अशी. फॉर्ममध्ये एक जादा चौकोन ठेवायचा आणि तो पडद्यावर दिसणार नाही अशी सूचना पानाला द्यायची. पुण्याहून येणाऱ्या मावशींना तो दिसत नाही, म्हणून त्या तो भरत नाहीत. बॉट मागचा मजकूर वाचतो. त्याला वाटतं, अरे, आणखी एक रकाना! आणि तो इमानदारीने भरून टाकतो. सर्व्हर एवढंच तपासतो, की हा चौकोन रिकामा आहे ना? भरलेला असेल तर फॉर्म केराच्या टोपलीत. या युक्तीला म्हणतात हनीपॉट.

तुम्ही होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेला असाल. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. दुरून नुसता तट दिसतो, दरवाजा कुठे ते कळत नाही. बुरुजांच्या वळणात शिरलं, की मग सापडतो. तिथे दरवाजा लपवला तो शत्रूपासून. हनीपॉटमध्ये नेमकं उलट! चौकोन लपवलाय तो पाहुण्यापासून, आणि शत्रूलाच तेवढा तो दिसतो.

मात्र इथेही काळजी घ्यावी लागते. अंध व्यक्तींसाठी पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तो लपलेला चौकोनही वाचेल. म्हणून त्याच्यापासूनही तो लपवायचा, नाहीतर शेजारी स्पष्ट लिहायचं, 'हा चौकोन रिकामा ठेवा.'

रेल्वेचं काम एवढ्यावर भागत नाही. तिथे पैसा आहे, त्यामुळे खास रेल्वेच्याच फॉर्मसाठी हुशार बॉट बनवतात. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून साध्या आरक्षणाचीही पहिली १५ मिनिटं फक्त आधार जोडलेल्या खात्यांना मिळू लागली. गणपतीच्या तिकिटांसाठी सुरुवातीची मिनिटंच मोलाची!

आता एक काम तुमच्यासाठी. हनीपॉटच्या जोडीला घड्याळही लावतात. फॉर्म उघडल्यापासून फार लवकर परत आला तर तो बॉटचा समजायचा. पण 'फार लवकर' म्हणजे किती? कागदावर एक फॉर्म करा: नाव, गाव, फोन, किती माणसं, काय जेवणार. तो आजीला, ताईला, शेजारच्या दादाला भरायला द्या आणि सेकंद मोजा. सगळ्यात चपळ माणूसही अडकणार नाही, असा आकडा तुम्हाला शोधायचाय. आणि हो, काही फोन नाव-नंबर आपोआप भरून देतात, तेही हिशेबात धरा!