आकाशचिन्ह

पहाटे साडेपाचला कळंबोली सर्कलजवळ पोचलो, तेव्हा दोघे होर्डिंगवर चढलेलेच होते. तिसरा खाली गटाराच्या कठड्यावर बसून गुंडाळलेल्या फ्लेक्सला दोर लावत होता. चाळीस बाय वीसची पाटी. वरून हाक आली, दोर ताणला गेला आणि कुठल्याशा गृहप्रकल्पातलं हसरं कुटुंब डोक्याकडून पायाकडे उलगडत अंधारात वर सरकलं.

आधी वरचा काठ बांधायचा, मग बाजू, सगळ्यात शेवटी खालचा. ऊन चढलं की खाडीकडून वारा सुटतो, त्याआधी काम उरकायचं. नायलॉनच्या दोरीची गाठ मी जवळून पाहिली. बारीकच दोरी. इतकी बारीक का, म्हणून खालच्याला विचारलं.

"साहेब, वादळात दोरी तुटलेली परवडते, फ्लेक्स फाटलेला परवडतो. दोन्ही टिकलं तर लोखंडावर येतं."

घरी येऊन त्याचं बोलणं आकड्यांत मांडून पाहिलं. ही पाटी ८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. उंची आणि आकाराचे गुणक सोडून दिले तरी एवढ्या पाटीवर जवळपास नऊ टनांचा रेटा येतो, तोही आडवा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट.

१९४९च्या महापालिका अधिनियमात, २४४व्या कलमात, अशा पाटीला फार देखणं नाव आहे : आकाशचिन्ह. रस्त्यावरून पाहताना जिच्या मागे आकाश दिसतं ती जाहिरात. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय ती उभारता येत नाही. जाहिरातीचा फुगा आणि पॅराशूटही त्यात धरलेत. वातकुक्कुट आणि 'जागा विकणे आहे'ची पाटी वगळलीय. रेल्वेच्या स्वतःच्या कामाच्या फलकालाही सूट आहे, पण तो रस्त्यावर पडू शकणार नाही अशा जागी असेल तरच. कलम लिहिणाऱ्याने पडण्याचा विचार केला होता तर!

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०, म्हणजे ते नऊपट. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, आणि परवानगी नेमकी कोणाची लागते यावरच घोळ. १७ माणसं गेली. त्याआधी १७ एप्रिल २०२३ला किवळ्यात पावसात आडोशाला थांबलेले पाचजण असेच दगावले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं एक टोक किवळे, दुसरं हे कळंबोली.

इथेही जमिनीचे धनी अनेक. वसाहत सिडकोने वसवलेली, ऑक्टोबर २०१६पासून पनवेल महापालिकेत. द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा, जेएनपीटीचा रस्ता राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. दहा पावलं चाललं की साहेब बदलतो. वारा मात्र सगळीकडे तोच. आणि सांगाड्याचं लोखंड पलीकडच्या पोलाद बाजारात वजनावर मिळतं.

निघताना खांबावर परवान्याचा क्रमांक शोधला. गंजाखाली रंगाचे दोन आकडे दिसले, बाकीचे पोपडे होऊन गळलेले. वरचा उतरला, हात झटकत म्हणाला, "आता खारघरला दोन आहेत," आणि जुना फ्लेक्स टेम्पोत टाकला. पावसाळ्यात तो कुणाच्या तरी पत्र्यावर जाणार होता.